मशीन थांबायची ती जागा

मोहर्रमच्या आधीच्या आठवड्यात आठवीच्या उर्दूच्या तासाला मी मीर अनीस यांचा मर्सिया शिकवत होतो. अनीस लखनौचे, १८७४ साली वारले. ते ज्या करबलाबद्दल लिहितात ती लढाई इसवी सन ६८० मधली. माझ्या वर्गातली मुलं यवतमाळ जिल्ह्यातल्या कास्तकारांची, मजुरांची, पंक्चर काढणाऱ्यांची. बहुतेक सगळी सुन्नी घरांतली, मातम कधी न पाहिलेली. तरीही हजरत अब्बास पाणी घेऊन निघतात आणि बाण मशकीला लागतो, तिथे मी आलो तेव्हा मागचा बाकसुद्धा गप्प झाला. दोन मुलींनी ओढणी डोळ्यांना लावली. त्यांतलीच एक तास संपता संपता म्हणाली, "सर, आगे क्या होनेवाला वो तो सबको मालूम है. फिर रोना कायकू आता?"

मी बीएड केलेला माणूस. करुण रस, भावनांचा निचरा, असं काहीतरी बोललो. घंटा झाली. पोरीचं समाधान झालं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं.

कारण मला अब्बांची शिलाई मशीन आठवली होती. दिग्रसला अब्बांचं छोटं दुकान होतं आणि त्यात एक रेडिओ होता, नागपूर केंद्रावर लावलेला. बातम्या, कापसाचे भाव, कव्वाली, नाट्यगीतं, सगळं मशीनच्या खडखडाटात चालायचं. कधीतरी अब्दुल करीम खाँ साहेबांची झिंझोटीतली ठुमरी लागायची. तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं, जुन्या तबकडीची खरखर असलेलं. त्यात मध्ये एके ठिकाणी आवाज वर चढतो आणि वरच राहतो. त्या जागेला अब्बांचा पाय पायट्यावर थांबायचा. मशीन बंद. सुई कापडात तशीच. मग सुटकेचा श्वास आणि पुन्हा खडखड. अब्बांना राग कळत नव्हते, सही करण्यापुरतं मराठी आणि कुराणापुरतं अरबी येत होतं. गाणं त्यांनी शंभर वेळा ऐकलेलं. दर वेळी त्याच जागेला पाय थांबायचा.

हा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे ते मला उशिरा कळलं. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांच्या 'इह्या-उल-उलूम'चे चाळीस भाग आहेत. त्यांतला एक अख्खा भाग समा आणि वज्द यांवर, म्हणजे गाणं ऐकणं आणि ते ऐकून माणसाचं जे होतं त्यावर आहे. मी तो उर्दू अनुवादातून वाचला. आपल्याकडे इमाम साहेबांचं नाव संगीताच्या विरोधात घ्यायचं असतं, असा माझा समज होता. भलताच निघाला. त्यांचं म्हणणं साधं आहे: गाणं मनात नवीन काही घालत नाही, जे आधीच तिथे आहे ते हलवतं. ज्याच्या मनात वासना आहे त्याची वासना हलते, ज्याच्या मनात खुदाची ओढ आहे त्याची ओढ हलते. म्हणून एकच गाणं एकाला जायज आणि दुसऱ्याला नाजायज असू शकतं.

त्यात एक उंटांची गोष्ट आहे. एक पाहुणा वाळवंटात एका कबिल्याच्या तंबूत उतरतो. तिथे एक गुलाम साखळीत बांधलेला आणि तंबूसमोर उंट मरून पडलेले. मालक सांगतो, याचा गळा फार गोड आहे. मी उंटांवर जड ओझी लादली, हा गात राहिला, आणि त्यांनी तीन दिवसांची वाट झपाट्याने तोडली. ओझी उतरवली आणि उंट कोसळले. पाहुणा हट्टाने त्या गुलामाला गायला लावतो, तेव्हा जवळचा उंट दोर तोडतो आणि पाहुणा स्वतः तोंडावर पडतो. गाणं शब्दांमुळे भिडतं असं ज्यांना वाटतं त्यांनी या उंटांचा विचार करावा.

पुढे इमाम साहेब एक धाडसी प्रश्न घेतात. कुराण हे खुदाचं वचन, तरी सूफी लोकांना कुराणापेक्षा गाण्याने हाल का येतो? त्याची सात कारणं ते देतात. वारसा आणि तलाकच्या आयती प्रत्येकाच्या त्या क्षणीच्या मनाला लागू पडत नाहीत. कुराणाचे शब्द लांबवता-आखडता येत नाहीत, सूर येतात. आणि कुराण पाठ असतं. जे पहिल्यांदा ऐकताना हलवतं ते दुसऱ्यांदा कमी हलवतं. या शेवटच्या कारणाशी मी अडलो. आठवीतल्या माझ्या विद्यार्थिनीने नेमकं उलटं विचारलं होतं, आणि अब्बांचा पाय तर शंभराव्या वेळीही थांबत होता. इमाम साहेबांपुढे एका मास्तराने बोलू नये, पण इथे मला वाटतं ते शब्दांबद्दल बोलत होते. शब्द ऐकून ऐकून झिजतात. सुराचं तसं होताना मी पाहिलेलं नाही.

आपल्या मुलुखात या वादाची खूण खुलदाबादला आहे. दिल्लीत ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी १२३५ मध्ये समाच्या मैफलीत एका फारसी शेरावर असे हरवले की चार दिवस तोच शेर ऐकत राहिले आणि त्यातच गेले, असं सगळी चिश्ती चरित्रं सांगतात. हजरत निजामुद्दीन औलियांना समासाठी गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांसमोर उभं राहावं लागलं. त्यांनी समासाठी चार गोष्टी पाहायला सांगितल्या होत्या: गाणारा कोण, ऐकणारा कसा, मजकूर काय, आणि वाद्यं नकोत. त्यांचे खलिफा बुऱ्हानुद्दीन गरीब मुहम्मद तुघलकाच्या काळात दौलताबादला आले आणि १३३७ मध्ये वारले. समात झुलण्याची त्यांची एक वेगळी तऱ्हा होती, तिला त्यांच्याच नावाने बुऱ्हानी म्हणत. त्यांची दर्गा खुलदाबादला रस्त्याच्या एका बाजूला. समोरच्या बाजूला त्यांचे वारस जैनुद्दीन शिराजी, आणि त्यांच्या पायाशी औरंगजेब, ज्याने आपल्या दरबारातलं गाणं बंद केलं. त्या कबरीवरून आजकाल इतका गोंगाट होतो की समोर कोण झोपलंय ते कुणी विचारत नाही. मी शाळेची सहल घेऊन गेलो होतो तेव्हा मुलांना दोन्ही बाजू दाखवल्या. रस्ता ओलांडायला मिनिटभर लागतो.

मी स्वतः मात्र बरीच वर्षं एकाच बाजूला उभा होतो. बीएड संपलं, नोकरी लागली, दाढी राखली. बयान ऐकायला जायचो, कॅसेट आणायचो. एका सुट्टीत घरी आलो आणि अब्बांना म्हणालो, दुकानात गाणं वाजतं ते बरं नाही, लोक काय म्हणतील, कबरीत काय जबाब द्याल. मी शिकलेला मुलगा होतो. अब्बांनी हुज्जत घातली नाही. हात लांब करून बटण फिरवलं आणि शिवत राहिले. त्यानंतर मी दुकानात रेडिओ कधी ऐकला नाही. मी नसतानाही तो लागत नाही, हे मला पुढे अम्मीकडून कळलं. गझालींचा तो भाग मी वाचला त्याला आता सहा वर्षं झाली. अब्बा २०१४ लाच गेले होते.

ज्यांचा आवाज मी बंद केला त्या खाँ साहेबांची गोष्ट मग मी शोधून शोधून वाचली. जन्म १८७२, उत्तरेतल्या कैराना गावचा. त्यांचं घराणं म्हणून किराना. पण माणूस महाराष्ट्राचा झाला. पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, मराठी नाट्यपदांच्या तबकड्या दिल्या, आणि कायमचे मिरजेचे झाले. मिरजेत मीरासाहेबांची दर्गा आणि तंतुवाद्यांचं गाव. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथे तंबोरे करायला घेतले. भोपळा, तारा, आणि घोडीवर तारेखाली सरकवायचा दोऱ्याचा तुकडा. त्या दोऱ्याने तारेला जवारी येते, म्हणजे एका सुरातून अनेक सूर झरायला लागतात. खाँ साहेबांना वाद्यं दुरुस्त करण्याचाही नाद होता. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश बावीस श्रुती मोजायला बसले, तेव्हा त्या श्रुती गळ्यातून काढून दाखवणारे खाँ साहेबच होते.

हे सगळं सांगतो ते त्या थांबलेल्या पायासाठी. खाँ साहेबांच्या गाण्यात शब्द फारसे कळत नाहीत. आवाज भारदस्तही नाही. बारीक, थोडा अनुनासिक. ते सुरावर येतात आणि तिथेच थांबतात, तंबोऱ्याच्या जवारीत आवाज विरघळेपर्यंत. एका सुरातून दुसऱ्या सुरात उडी नाही, मींडेने सरकत जाणं. पुढचा सूर कोणता ते कानाला कळलेलं असतं आणि तो अजून आलेला नसतो.

काही लोक या आवाजातलं दुःख त्यांच्या आयुष्यात शोधतात. ताराबाई माने त्यांना सोडून गेल्या, मुलं वेगळ्या नावांनी वाढली. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही ती मुलं. गोष्ट खरी आणि जीवघेणी आहे. पण चरित्रातून गाण्याचं कारण काढणं हा आम्हा मास्तरांचा आवडता धंदा आहे आणि मला तो पटेनासा झालाय. गदगच्या शाळकरी भीमसेन जोशींनी हीच झिंझोटी ऐकली आणि अकराव्या वर्षी गाण्यासाठी घर सोडलं, असं सांगतात. त्या पोराला ताराबाईंचं काय ठाऊक असणार?

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २००१ मध्ये ब्लड आणि झाटोरे या दोघांनी दहा जणांच्या मेंदूची तपासणी केली, गाणं ऐकताना अंगावर काटा येतो तेव्हा आत काय होतं ते पाहायला. संगीत प्रत्येकाने आपापलं आणायचं होतं. आणि तुलनेसाठी प्रत्येकाला दुसऱ्याने आणलेलं ऐकवलं. एकाच्या अंगावर ज्याने काटा येत होता, ते दुसऱ्यावर बेअसर. गझालींना हे ऐकून नवल वाटलं नसतं. २०११ मध्ये तिथेच आणखी एक प्रयोग झाला. त्यात दिसलं की मेंदूतलं डोपामिन आवडती जागा येते तेव्हा तर सुटतंच, पण ती यायच्या आधीही, मेंदूच्या वेगळ्या भागात, सुटायला लागतं. म्हणजे पुढे काय येणार ते माहीत असणं आड येत नाही, उलट वाट बघायला तेच लागतं. माझ्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या दिवशी एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "मतलब हम रोने से पहलेच रोना शुरू कर देते." मॅकगिलवाल्यांना इतकं थोडक्यात सांगता आलेलं नाही.

आमच्या भागात तांडे आहेत. बंजारा लग्नात नवरी रडत रडत ढावलो म्हणते. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात मी उभा होतो. गोरमाटी मला अर्धीमुर्धी कळते. मला दिसत होती माझी बहीण, उमरखेडच्या जीपमध्ये बसताना.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी खाँ साहेब मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीतच अस्वस्थ झाले. सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले. अंथरूण घातलं, नमाज पढली, तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारीत गात गात गेले, असं शिष्य सांगत आले. मय्यत मिरजेला आणली. मीरासाहेबांच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या नावाने आजही गवय्ये तिथे गायला बसतात. नमाज आणि दरबारी एकाच अंथरुणावर कशी मावली, हे मी अब्बांना सांगायला हवं होतं. किंवा त्यांनी मला सांगितलं असतं, मी विचारलं असतं तर.

त्या तासानंतरच्या रविवारी मी मोबाईलवर ती झिंझोटी लावली. घरात पहिल्यांदाच. अम्मी ओसरीत अंबाडीची भाजी निवडत होती. ती काही बोलली नाही. ती जागा आली, आवाज वर चढला आणि राहिला. अम्मीचा हात भाजीत थांबला, आणि तिने अब्बांच्या दुकानाच्या बंद दाराकडे पाहिलं. गाणं संपल्यावर म्हणाली, "इसके बाद मशीन चालू होती थी."