बॅलिस्टिक गुणांक

बॅलिस्टिक गुणांक हे हवेचा रोध भेदून वेग टिकवून ठेवण्याची बंदुकीच्या गोळीची क्षमता दर्शविणारे मान आहे. गुणांक जितका मोठा, तितका गोळीचा वेग कमी घटतो आणि वाऱ्याने ती कमी ढळते. नेमबाजीत, तसेच अमेरिकेत रायफलने लांब अंतरावरून केल्या जाणाऱ्या शिकारीत गोळी निवडताना हा गुणांक विचारात घेतला जातो.

गणन

काटछेद घनतेला आकारगुणकाने भागले असता बॅलिस्टिक गुणांक मिळतो. गोळीच्या पौंडातील वजनाला तिच्या इंचातील व्यासाच्या वर्गाने भागले, की काटछेद घनता येते. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड. ०.३०८ इंच व्यासाच्या १८० ग्रेन गोळीची काटछेद घनता ०.२७१, तर ०.२६४ इंच व्यासाच्या १४० ग्रेन गोळीची ०.२८७ येते. म्हणजेच वजनाने हलकी असूनही दुसरी गोळी व्यासाच्या मानाने जड ठरते.

आकारगुणक प्रमाण गोळीशी तुलना करून ठरवितात. 'जी१' ही प्रमाण गोळी सपाट बुडाची व आखूड टोकाची, तर 'जी७' लांब टोकाची व निमुळत्या बुडाची आहे. आधुनिक लांब गोळ्यांचा जी१ गुणांक जी७ गुणांकाच्या जवळपास दुप्पट असतो. त्यामुळे या दोन पद्धतींचे आकडे परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत.

वाऱ्याचा परिणाम

गोळीला लागलेला प्रत्यक्ष वेळ आणि निर्वात पोकळीत लागला असता तो वेळ, यांतील फरकाला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणले असता बाजूचे ढळणे मिळते. हा फरक ०.१ सेकंद व वारा सेकंदाला ४.५ मीटर असल्यास गोळी ४५ सेंटिमीटर ढळते. मोठ्या गुणांकाने हा फरक कमी होतो.

नळीतील वळण

लांब गोळी स्थिर राहण्यासाठी अधिक वेगाने फिरावी लागते. यासाठी जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये सूत्र मांडले. १९२५ च्या .२७० विंचेस्टर काडतुसाच्या नळीत खाचांचा एक फेरा परंपरेने १० इंचांत पूर्ण होतो. २००७ च्या ६.५ क्रीडमूरमध्ये तो ८ इंचांत होतो. जुन्या नळीतून अतिलांब गोळी झाडल्यास ती डगमगते आणि मोठ्या गुणांकाचा लाभ मिळत नाही.

शिकारीतील मर्यादा

शिकारीची गोळी लक्ष्यात शिरल्यावर फुलणे आवश्यक असते. त्यासाठी रचनेनुसार साधारणतः सेकंदाला १,६०० ते २,००० फूट वेग लागतो. वेग याखाली गेल्यास गोळी न फुलता आरपार जाते आणि प्राणी जखमी अवस्थेत निसटण्याची शक्यता वाढते. म्हणून गुणांकाबरोबरच, ज्या अंतरापर्यंत हा वेग टिकतो ते अंतरही पाहावे लागते.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे. तांबे शिशापेक्षा कमी घनतेचे असल्याने तेवढ्याच वजनाची व व्यासाची तांब्याची गोळी अधिक लांब होते व तिला अधिक वळणाची नळी लागते.

सुमारे ५०० यार्ड अंतर कापण्यास गोळीला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात प्राण्याने पाऊल उचलल्यास नेम चुकतो. कोणत्याही गुणांकाने हा दोष टळत नाही. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने अशा लांब पल्ल्याच्या शिकारीच्या नैतिकतेविषयी आक्षेप नोंदविले आहेत.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मोजके अपवाद वगळता वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे.