बिंबाणूंचें ऋण

मधुमेह्याच्या पायास ठेंच लागते. परंतु संवेदना मंदावल्यामुळें त्यास ती कळत नाहीं. लहानसें क्षत महिनोन्‌महिने भरत नाहीं आणि कधीं पाय कापण्याचा प्रसंग ओढवतो. यावरील एका उपायाचें बीज इटलींतील आहे. १८८२ सालीं बित्झोझेरो यांनीं रक्त गोठविण्यांतील बिंबाणूंचें, म्हणजेच प्लेटलेटांचें, कार्य दाखविलें. १९७४ सालीं रसेल रॉस प्रभृतींनीं बिंबाणूंतील द्रव्यानें स्नायुपेशी वाढतात असें दाखविलें. १९८६ सालीं अमेरिकेंत नाइटन यांनीं रोग्याच्याच रक्तांतील असलीं द्रव्यें जुनाट व्रणांवर लावलीं. आतां रक्त यंत्रांत वेगानें फिरवून बिंबाणुयुक्त रक्तरस काढतात. मात्र एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवूं नये. व्रणाची स्वच्छता, पायास विसावा आणि शर्करेवर ताबा हीं हवींतच. म्हणून मधुमेह्यानें रोज तळपाय न्याहाळावे, हेंच श्रेयस्कर.