नथीतला खडा

आमच्या आटपाडी-खानापूर भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेलेली. सराफांचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं, हे त्यांचं काम. त्यामुळं आमच्याकडच्या बायकांना सोनं बरं कळतं. खड्याचं मात्र तसं नव्हतं. शेतकऱ्याचा दागिना म्हणजे अडीनडीचा पैसा. पुतळ्या, डोरलं कधीही वजनावर मोडता येतं. खड्याचा दागिना मोडायला नेला, की सराफ आधी खडा उचकटून बाजूला ठेवतो आणि मग सोनं तोलतो. म्हणून हिरे-माणकं वाड्यातल्या लोकांची. आमच्या घरात कुणी खडा विकत घ्यायचा विचारच केला नव्हता.

आईकडं एकच खडा होता, लग्नात आजीनं दिलेल्या नथीतला. मोती बसऱ्याचे आणि मधला लाल खडा माणिक, असं आजी सांगायची. बसऱ्याचे मोती इराणच्या आखातात पाणबुडे बुड्या मारून काढायचे, आणि ते मुंबईच्या बाजारात यायचे. पुढं जपानात शिंपल्यात मोती पिकवायला लागले, आखातात तेल सापडलं आणि तो धंदा बसला. मोत्याचीही शेती होते, हे मला फार उशिरा कळलं.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. विहिरी आटल्या. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. आम्ही मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. बैलांना वैरण नव्हती, म्हणून वडील नथ घेऊन बाजाराला गेले. सराफानं मोती आणि खडा काढून कागदाच्या पुडीत बांधून परत दिले. म्हणाला, "याचं काही येत नाही." आईनं ती पुडी कुंकवाच्या करंड्यात ठेवली. दिवसभर खडी फोडून आली, तरी रात्री एकदा करंडा उघडून बघायची.

१९९४ साली गणेश डाळिंबाचा पहिला चांगला पैसा हातात आला. वडील तेव्हा नव्हते. मी आईला म्हटलं, "चल, नथ करू." आम्ही एसटीनं कोल्हापूरच्या गुजरीत गेलो. म्हाताऱ्या सराफानं मोती दातावर हळू घासून बघितला. खरखरीत लागला. "मोती शिंपल्यातले आहेत. बसऱ्याचे का, ते नुसतं बघून सांगता यायचं नाही." मग खडा भिंगाखाली धरला आणि थोडा वेळ गप्प राहिला. आत हवेचे बुडबुडे होते. काच.

मला आईकडं बघवेना. ती म्हणाली, "बावीस वरसं काच संभाळली म्हणायची म्या!" आणि पदर तोंडाला लावून हसली. डोळ्यांत पाणी होतं.

मी सराफाला म्हटलं, "खरं माणिक दाखवा." त्यांनी पांढऱ्या कागदावर चार खडे मांडले आणि समजावून सांगितलं. आमच्या गावाला कॅरट शब्द माहीत झाला तो १९६३ ला, सरकारनं चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी केली तेव्हा. तो कॅरट सोन्याच्या कसाचा. खड्याचा कॅरट वजनाचा, पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम. खऱ्या माणकात बारीक रेघा, ठिपके असतात. अगदी निर्मळ आणि वर स्वस्त दिसलं, तर शंका घ्यायची, कारण कारखान्यातही माणिक तयार होतं. रंग उठावा म्हणून खडे तापवतातही. म्हणून खडा कसला, वजन किती, तापवलेला आहे का, हे पावतीवर लिहून घ्यायचं.

अर्ध्या कॅरटचा एक खडा आईला आवडला. डाळिंबाच्या दाण्यासारखा. किंमत ऐकून माझ्या डोळ्यांपुढं बागेच्या फवारणीचा सगळा खर्च आला. आईनं सराफाला विचारलं, "ह्यो मोडला तर किती येत्याल?"

"आजी, खरं सांगू? दिलेत त्याच्या निम्मेसुद्धा येतील असं नाही."

मला वाटलं, आई आता उठणार. ती म्हणाली, "मग घे. सोन्यावर पयल्यांदा घरधन्याचा डोळा जातो. ह्यो तरी माझ्याजवळ ऱ्हाईल."

नथ झाली. त्यानंतरही वाईट सालं आली, पाटल्या बँकेत गेल्या आणि सुटल्या. नथीला कुणी हात लावला नाही. आई गेल्यावर ती सुनेकडं आली. करंड्यात पुडी अजून आहे, आणि तिच्यात तो काचेचा खडा.