धर्मभगिनीच्या झग्यातील राज्यकर्ती

सतराव्या शतकात युरोपातील राजघराण्यांतील व सरदार-घराण्यांतील स्त्रियांची चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापली जात. महालाच्या भिंतीवरचे तैलचित्र एकच. छापाच्या मात्र शेकडो प्रती निघत व त्या विकत मिळत. छापाला रंग नसे. म्हणून कोरणाऱ्याचे सारे कसब मोत्यांचे सर, भरतकाम आणि लेस यांवर खर्ची पडे. बहुतेक चित्रांत बाईपेक्षा तिचा पोशाखच अधिक लक्षात राहतो, असे आमचे मत आहे.

स्पॅनिश नेदरलँड्सची राज्यकर्ती इसाबेला क्लारा युजेनिया हिची दोन छापील चित्रे या दृष्टीने शेजारी ठेवून पाहावीत. पहिले यान म्युलरने १६१५ साली रूबेन्सच्या चित्रावरून कोरले. पती आल्बर्टच्या चित्राची ती जोड. गळ्याभोवती परातीएवढी चुणीदार गळपट्टी, अंगावर दागिने. दुसरे पाउलस पाँटियसचे, तेही रूबेन्सवरूनच. त्यात दागिना नाही. संत क्लाराच्या धर्मभगिनींचा साधा झगा आणि शिरोवस्त्र.

मधल्या काळात, १६२१ साली, आल्बर्ट निवर्तला होता. मुले तान्हेपणीच गेलेली. इसाबेला संत फ्रान्सिसच्या, प्रापंचिकांसाठी असलेल्या तिसऱ्या संघात सामील झाली. संत क्लाराच्या सणादिवशी, १२ ऑगस्ट १५६६ रोजी, जन्मली म्हणून तिचे एक नाव क्लारा. तोच झगा आता अंगावर आला. परंतु ती मठात गेली नाही. राज्य भाच्याचे, स्पेनच्या चौथ्या फिलिपचे, कारभार तिचा. (१५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल याच घराण्याकडे होते, म्हणजे आपली वसई आणि गोवाही.) जून १६२५ मध्ये स्पॅनिश फौजेने दीर्घ वेढ्यानंतर ब्रेडा शहर घेतले. ते पाहून परतताना, जुलैत, ती अँटवर्पला थांबली आणि रूबेन्सने तिला या झग्यात रंगविले.

ही नम्रता की राजनीती? प्रॉटेस्टंट उत्तरेशी युद्ध चालू असताना विजयी राज्यकर्तीचे असे चित्र घरोघर जाणे दरबाराला खचितच सोयीचे होते. रूबेन्सच्या छापांची कोणी नक्कल करू नये, असा परवाना ब्रुसेल्सच्या याच दरबाराने १६१९ साली दिला होता. तरीही निव्वळ देखावा म्हणवत नाही. देखाव्याला सणावारी झगा पुरला असता. तिने तो वैधव्याची सारी वर्षे वापरला, सेनापतींशी आणि वकिलांशी बोलतानाही. वैराग्य खरे असू शकते आणि त्याचा राज्याला उपयोगही होऊ शकतो.

पुढे व्हॅन डाइकनेही तिला त्याच वेषात रंगविले, आणि त्याच्या छापील व्यक्तिचित्रांच्या मालिकेतही ती तशीच आहे. १ डिसेंबर १६३३ रोजी ब्रुसेल्स येथे तिचे निधन झाले.