हाताला जात नसते

सुट्ट्या भागांचे कपाट किंवा टेबल घरी आले की शिकलेली मंडळी हात वर करतात. ‘हे सुताराचे काम, आपल्याला नाही जमायचे.’ वाक्य साधे वाटते. पण ज्या देशात ‘सुतार’ हा शब्द धंद्याआधी जात सांगतो, तिथे या ‘न जमण्या’मागे इतिहास असतो.

कौशल्य रक्तातून येते काय? 1859 साली व्हिएन्नातील मिखाएल थोनेट याने 14 क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. एवढ्यावर खुर्ची उभी राहते. एका घनमीटरच्या खोक्यात अशा 36 खुर्च्या सुट्ट्या मावत आणि मुक्कामी पोचल्यावर जोडल्या जात. जोडणीचे जे गुपित पिढीजात कारागिराच्या हातात होते, ते एका स्क्रूने मोकळे केले.

1950च्या दशकात स्वीडनच्या आयकियाने टेबलाचे पाय काढून ते सपाट खोक्यात भरले. पुढे सोबत पाना आणि चित्रांचा कागद आला. पण याला मुक्ती समजण्याइतके आम्ही भाबडे नाही. जागा आणि वाहतूक वाचली, जोडणीची मजुरी गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडली. हा व्यापार आहे.

वेगळी वाट दाखवली इटलीच्या एन्झो मारी याने. 1974 साली त्याने टेबल, खुर्ची, पलंग, कपाट यांचे आराखडे लोकांसाठी खुले केले. साध्या फळ्या, हातोडी, खिळे, बस्स. वस्तू स्वतः बनवली की ती कशी उभी राहते हे कळते आणि बाजार आपल्याला फसवू शकत नाही, हा त्याचा विचार होता.

आता आपल्याकडे पाहा. इथे हत्याराचे ज्ञान जातीच्या उंबरठ्याआड राहिले. मुंबईच्या कापड गिरण्यांत जादा मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने सवर्णांना विटाळ होई! यंत्र विलायती, विटाळ मात्र देशी. 1928च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. जातिव्यवस्था नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच तोडून उतरंडीत बसवते, हे त्यांनी 1936 साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये मांडले. 1942 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी सरकारकडे मदत मागितली. म्हणजे ज्यांना हत्यारापासून दूर ठेवले, त्यांच्या हाती हत्यार द्या, हीच ती मागणी.

काही तरुण विचारतात, ‘आपल्या बापजाद्यांनी हातानेच राबून आयुष्य घालवले. आता कुठे पेन हाती आले, पुन्हा पाना कशाला?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, जन्माने लादलेले काम ही गुलामी. आपल्या इच्छेने शिकलेले काम हे सामर्थ्य. हाताच्या कामाला हलके मानणारी नजर मनुवादाची आहे. पेन हाती आले म्हणून ती नजर आपण उसनी का घ्यायची?

हात बसलेला नसला तरी रीत सोपी आहे. आधी सगळे भाग जमिनीवर मांडून कागदाशी ताडून मोजा. स्क्रू लांबीप्रमाणे वेगळे करा. सगळे स्क्रू अर्धे बसवा; चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरले की मगच आवळा. पहिलाच स्क्रू करकचून आवळला की शेवटचे भोक जुळत नाही. यात पिढीजात असे काय आहे?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. वस्तीतल्या वाचनालयाचे पुढचे कपाट मुलामुलींनी मिळून जोडावे. एकाने चित्र वाचावे, दुसऱ्याने फळी धरावी, मग अदलाबदल करावी. पाना मुलींच्या हातीही द्यावा. आणि जिथे कारागीर बोलवावा लागेल, तिथे त्याला ‘अहो’ म्हणावे, घासाघीस न करता पूर्ण मजुरी द्यावी. ज्याने स्वतः चार स्क्रू आवळले आहेत, त्याला त्या मजुरीचा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

जय भीम!