उष्णता-पुनर्प्राप्ती वायुवीजन
घरातून बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारी यंत्रणा. कॅनडातील रेजायना येथे १९७७ मध्ये बांधलेल्या सॅस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाऊसमध्ये ती वापरली होती. थंड प्रदेशांतील हवाबंद घरांत ती विशेष उपयुक्त ठरते. स्वयंपाकघर व न्हाणीघरातील दमट हवा आणि बाहेरची हवा उष्णता-विनिमयकात पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी वाहतात. त्या एकमेकींत मिसळत नाहीत.

देखभाल : गाळण्या दर एक ते तीन महिन्यांनी तपासून स्वच्छ करतात किंवा बदलतात. विनिमयक साधारणपणे वर्षातून एकदा उत्पादकाच्या सूचनेनुसार धुतात. पंखे, बाहेरील जाळ्या आणि विनिमयकात जमणाऱ्या पाण्याच्या निचऱ्याची नळीही साफ ठेवावी लागते.

संतुलन : आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या हवेचे प्रवाह जवळजवळ समान असावे लागतात; दोहोंत १० टक्क्यांपर्यंतचा फरक सामान्यतः चालतो. स्वच्छ गाळण्या बसवून, दारे-खिडक्या बंद ठेवून प्रवाह मोजतात आणि झडपा किंवा पंख्यांचा वेग बदलून ते जुळवतात. निकास जास्त झाल्यास घरातील दाब घटून चुलाण्यातील धूर व कार्बन मोनॉक्साइड आत ओढला जाऊ शकतो. पुरवठा जास्त झाल्यास दमट हवा भिंतींत शिरून तेथे पाणी साचते व बुरशी धरते.