टास्कबार

टास्कबार : संगणकाच्या पडद्याच्या कडेला, बहुधा तळाशी, असणारी अरुंद पट्टी, मराठीत ‘कार्यपट्टी’. उघडलेले प्रोग्राम दाखवणे, नेहमी लागणारे प्रोग्राम हाताशी ठेवणे आणि घड्याळ, नेटवर्क, आवाज, टंकलेखनाची भाषा यांची सद्यस्थिती कळवणे, ही तिची मुख्य कामे होत.

इतिहास : विंडोज ३.१ (१९९२) मध्ये विंडो लहान केली की तिचे चिन्ह पडद्याच्या तळाशी जाऊन बसे आणि दुसऱ्या विंडोखाली झाकले जाई. नवख्या माणसाला प्रोग्राम बंद झाला असे वाटे आणि तो तोच प्रोग्राम पुन्हा उघडी. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ने स्टार्ट बटण व टास्कबार देऊन ही अडचण दूर केली : विंडो दिसो वा न दिसो, तिचे बटण पट्टीवर राहू लागले. तळाशी चिन्हांची पट्टी ठेवण्याची कल्पना मात्र त्याआधीची. ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीच्या आर्किमिडीज संगणकांवर ती १९८७ पासून होती.

विंडोज एक्सपीने (२००१) एकाच प्रोग्रामच्या अनेक विंडोंची बटणे एका बटणात गोळा केली. विंडोज ७ने (२००९) बटणांवरील नावे काढून मोठी चिन्हे आणली आणि प्रोग्राम पट्टीवर कायमचा ‘पिन’ करण्याची सोय दिली. विंडोज ८मधून (२०१२) स्टार्ट बटण गेले; नाराजीनंतर ते पुढल्याच वर्षी ८.१मध्ये परतले. विंडोज ११ने (२०२१) चिन्हे पट्टीच्या मध्यभागी आणली. पट्टी वरच्या किंवा बाजूच्या कडेला नेण्याची सोय मात्र त्या वेळी काढून टाकली.

रचना : पट्टीचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. स्टार्ट बटण व शोधपेटी. पिन केलेल्या आणि चालू प्रोग्रामांची चिन्हे. आणि उजव्या टोकाचे सूचनाक्षेत्र. चालू प्रोग्रामच्या चिन्हाखाली छोटी रेघ दिसते, नुसत्या पिन केलेल्याखाली नसते. सूचनाक्षेत्रात पार्श्वभूमीवर चालणाऱ्या प्रोग्रामांचीही चिन्हे असतात. जागा अपुरी पडू नये म्हणून त्यांतील काही बाणाच्या चिन्हामागे दडवलेली असतात.

फेरबदल : पट्टीच्या मोकळ्या जागी उजवे क्लिक केले की टास्कबार सेटिंग्ज उघडता येतात. तेथून विंडोज ११मध्ये चिन्हे पुन्हा डावीकडे आणता येतात, शोधपेटी लपवता येते, सूचनाक्षेत्रात काय दिसावे ते ठरवता येते आणि काम नसताना पट्टी आपोआप लपेल अशी व्यवस्था करता येते. पडदा लहान असल्यास ही शेवटची सोय उपयोगी पडते. प्रत्येक विंडोचे बटण नावासह वेगळे दाखवण्याचा पर्याय विंडोज ११मध्ये सुरुवातीला नव्हता. तो २०२३ मध्ये परत आला. अनेक वह्या किंवा तक्ते एकदम उघडून काम करणाऱ्याला तो सोयीचा असतो. पिन केलेली चिन्हे माऊसने ओढून त्यांचा क्रम लावता येतो. हा क्रम कळफलकालाही लागू होतो : विंडोज कळ व १ दाबल्यास पहिला प्रोग्राम उघडतो, २ दाबल्यास दुसरा. चालू प्रोग्रामच्या चिन्हावर शिफ्ट धरून क्लिक केल्यास त्याची आणखी एक विंडो उघडते.

बहुभाषक वापर : एकापेक्षा अधिक कळफलक बसवले की सूचनाक्षेत्रात भाषादर्शक दिसू लागतो. विंडोज कळ व स्पेसबार दाबून भाषा बदलता येते. छत्तीसगढमधील भिलाईसारख्या शहरात या छोट्या खुणेला विशेष महत्त्व येते. भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे तो १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, आणि १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यामुळे तेथे निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे स्थायिक झाली. कचेरीत हिंदी व इंग्रजी आणि घरी मराठी, असा वापर करणाऱ्याला एकाच संगणकावर तिन्ही कळफलक लागतात. हिंदी व मराठी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जात असल्याने आणि इनस्क्रिप्ट कळफलकावर दोन्हींची बहुतेक अक्षरे त्याच जागी असल्याने, पडद्यावरच्या मजकुरावरून कोणती भाषा चालू आहे ते चटकन कळत नाही. हिंदी चालू ठेवून मराठी मजकूर टंकित केला, तर वर्डसारखा प्रोग्राम त्याला हिंदी समजतो, आणि शुद्धलेखन तपासणी बसवलेली असल्यास बिनचूक मराठी शब्दांखालीही लाल रेघा येऊ शकतात. लिहायला बसण्यापूर्वी भाषादर्शकाकडे नजर टाकल्यास हा घोळ टळतो.

इतर प्रणाली : मॅक संगणकांवर हे काम पडद्याच्या तळाशी असणारा ‘डॉक’ आणि वरची मेन्यूपट्टी मिळून करतात. लिनक्सवरील केडीई, एक्सएफसीई यांसारख्या मांडण्यांत या पट्टीला ‘पॅनेल’ म्हणतात. ते कोणत्याही कडेला नेता येते, एकाहून अधिक ठेवता येतात आणि त्यांतील प्रत्येक घटक स्वतंत्रपणे काढता किंवा घालता येतो.